सहलीत काटकसर करावी, उपवास करू नये

गेल्या उन्हाळ्यातील एका सोमवारी सकाळी साठी ओलांडलेल्या एक आजी मुलासोबत माझ्या दवाखान्यात आल्या. खुर्चीवर टेकताच म्हणाल्या, "डॉक्टर, काल मोठमोठ्या पाळण्यांत बसलेली सगळी पोरं सुखरूप घरी आली. मी नुसती बाकावर बसून होते, अन् मीच मरता मरता वाचले." मुलगा खाली मान घालून शेजारी उभा होता.

त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, ही हकीकत सांगतो. सुट्टीत घरातील सात जण एका थीम पार्कला गेले होते. पहाटे चारला घर सोडले. वाटेत सहाच्या सुमारास आजींनी चहाबरोबर दोन बिस्किटे खाल्ली आणि रोजच्या सवयीने मधुमेहाची गोळी घेतली. सुनेने डबा केला होता. परंतु बाहेरचे अन्न आत नेता येत नाही, असे प्रवेशद्वारापाशी कळले आणि डबा गाडीतच राहिला. सामान सांभाळण्यासाठी आजी बाकावर बसून राहिल्या. दुपारी मुलाने त्यांना खाण्याच्या दुकानापाशी नेले, तेव्हा तेथले दर ऐकून त्या म्हणाल्या, "मला भूक नाही, पोरांना घे." भूक होती. परंतु एका थाळीच्या पैशात घरी चार माणसे जेवतील, हा हिशेब त्यांच्या मनातून हलत नव्हता.

अडीचच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. घरच्यांना वाटले, ऊन लागले. तेथील प्रथमोपचार कक्षातील परिचारिकेने प्रसंगावधान राखून बोटातून थेंबभर रक्त घेतले आणि साखर तपासली. ती अवघी ४६ भरली. साखरेचे पाणी वेळीच मिळाले, म्हणून आजी चालत माझ्यापर्यंत आल्या.

मी मुलाला रागावलो नाही. फक्त कालच्या खर्चाचा हिशेब विचारला. तिकिटे सोडून पोहण्याचे भाड्याचे पोशाख, चौकटीत बसवलेला फोटो, रांग टाळण्याचा जादा पास, थंड पेये आणि घरी येईपर्यंत मोडलेले एक लुकलुकणारे खेळणे, असा तो हिशेब होता. त्या रकमेत आजींचे जेवण कित्येकदा झाले असते. घरात काटकसर नव्हती असे नाही. ती चुकीच्या ठिकाणी झाली होती.

वाचकहो, थीम पार्कला जाऊ नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. वर्षभर शेतात राबणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या, नोकरीवर जाणाऱ्या माणसांना आणि त्यांच्या मुलांना एक दिवस मोकळेपणाने ओरडण्याचा, हसण्याचा आणि भिजण्याचा हक्क आहे. हा दिवस कमी खर्चात, साधेपणाने, कोणतेही जादा लटांबर न घेता नक्की साजरा करता येतो. मात्र कोणता खर्च टाळायचा आणि कोणता टाळायचा नाही, हे घरून निघण्यापूर्वी ठरलेले असावे.

जत्रेतला पाळणा आणि पार्कमधली राइड

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखाला पाळण्यांचे अप्रूप नवे नाही. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या दर्शनाला गर्दी लोटते. यात्रा म्हटली की गुडीशेव आली, रेवड्या आल्या, कुस्त्यांचा आखाडा आला आणि कर्कर वाजत फिरणारा पाळणाही आला. त्या काळी आजोबा नातवाच्या तळहातावर मोजके पैसे ठेवीत. त्यात पाळण्यात बसायचे, रेवड्या घ्यायच्या की पिपाणी, याचा निर्णय नातवाचा. एका फेरीला एक तिकीट. पैसे संपले की पाळणाही संपला. आणि पोटात ढवळू लागण्यापूर्वीच बहुधा पैसे संपत.

थीम पार्कमध्ये हे गणित उलटे होते. १९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा तेथेही प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे होते. राइडच्या कूपनांची ती पद्धत १९८२ साली बंद झाली आणि एकाच तिकिटात दिवसभर हव्या तितक्या वेळा बसण्याची रीत रुळली. आपल्या देशात दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली, मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. आता आपल्याकडची मुलेही सुट्टी लागण्याआधीच अशा ठिकाणांची नावे घेऊ लागतात.

एकदा भरलेल्या मोठ्या रकमेचा एक विचित्र परिणाम मनावर होतो. 'पैसे वसूल झाले पाहिजेत' ही भावना दिवसभर माणसाच्या मागे लागते. मूल दमले तरी त्याला पुढच्या रांगेत उभे केले जाते. मळमळत असताना आणखी एक फेरी मारली जाते. जेवायला बसलो तर तेवढ्या वेळात दोन राइड बुडतील, म्हणून जेवण पुढे ढकलले जाते. जत्रेत खिसा आपल्याला वेळेवर थांबवीत असे. येथे थांबण्याची जबाबदारी आपल्यावरच येते. तिकिटाचे पैसे गेलेच आहेत. ते शरीराकडून वसूल करता येत नाहीत. तसा प्रयत्न केला, तर शरीर आपले देणे व्याजासकट परत मागते.

गरगर फिरणाऱ्या राइडनंतर उलटी का होते, हेही समजून घ्यावे. आपल्या आंतरकर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि कानातील यंत्रणेला जाणवणारी हालचाल यांचा मेळ बसला नाही, की मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, उलटी सुरू होते. दोन ते बारा वर्षे वयाच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. ज्या मुलाला घाटात गाडी लागते, त्याला अशा राइड सोसण्याची शक्यताही कमीच. त्याला भित्रा म्हणून चिडवू नये. एका फिरत्या राइडनंतर किमान अर्धा तास शांत बसू द्यावे आणि भरल्या पोटी लगेच कोणत्याच राइडमध्ये बसवू नये.

हे खर्च खुशाल टाळा

पहिला जादा खर्च रांग टाळण्याच्या पासाचा. शाळा सुरू असतानाचा एखादा कामाचा वार निवडला आणि दार उघडण्याच्या वेळी पोहोचलो, तर या पासाची गरज बहुधा भासत नाही. आपल्याकडे गावच्या यात्रेची किंवा स्थानिक सुट्टी अधूनमधून असते. इतरत्र कामाचा दिवस असताना मिळणारी ही सुट्टी सहलीला उत्तम. कामाच्या वारी तिकिटेही बऱ्याच ठिकाणी स्वस्त असतात. लहान मुलांचे तिकीट अनेक पार्कमध्ये वयाऐवजी उंचीवरून ठरते आणि ज्येष्ठांना सवलत असते. घरीच मुलांची उंची मोजा आणि फोन करून सर्व चौकशी करा.

दुसरा खर्च भाड्याच्या पोशाखाचा. वॉटर पार्कमध्ये पाण्यात उतरण्यासाठी नायलॉनचा पोशाख लागतो. तो एकदाच विकत घेतलेला आणि घरून नेलेला बरा. यात बचतीइतकेच आरोग्याचेही कारण आहे. दुसऱ्याने वापरलेले, नीट न वाळलेले कपडे आणि टॉवेल यांतून गजकर्णासारखे बुरशीचे विकार पसरू शकतात. एकाला झालेले गजकर्ण घरभर फिरते आणि मग महिना-महिना औषध घ्यावे लागते. टॉवेलही प्रत्येकाचा वेगळा न्या. डोळे आलेले असतील, कान वाहत असेल, अंगावर उघडी जखम असेल किंवा जुलाब होत असतील, तर पाण्यात उतरू नका. जुलाब असलेल्या मुलाला पाण्यात उतरवणे हा इतरांच्या मुलांवरही अन्याय आहे.

तिसरा खर्च फोटो, खेळणी, रंगीत पेये आणि गोड बर्फाचे गोळे यांचा. याबाबत जत्रेतल्या आजोबांची रीत अजूनही उपयोगी आहे. प्रत्येक मुलाला ठरावीक रक्कम द्या आणि ती कशावर खर्च करायची, ते त्यालाच ठरवू द्या. हे निघण्याच्या आदल्या रात्री सांगा. घरी सांगितलेला 'नाही' मूल ऐकून घेते. दुकानासमोर म्हटलेल्या 'नाही'चे भांडण होते आणि शेवटी थकलेले आईवडील ते भांडण पैसे देऊन मिटवतात.

प्रवासाचा खर्चही वाचवता येतो. पाच-सहा कुटुंबे एकत्र आली, तर एसटीची बस प्रासंगिक करारावर घेता येते. दोन गाड्या स्वतः चालवीत नेण्यापेक्षा ती पुष्कळदा परवडते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवसभर उन्हात थकलेल्या घरच्या माणसाला रात्री गाडी चालवावी लागत नाही.

यांत मात्र हात आखडू नका

जेवण, पाणी, सावली आणि औषधे यांत काटकसर करू नये.

जेवणाची व्यवस्था आधी विचारा. बाहेरचे अन्न आत नेता येत नसेल, तर हातावर शिक्का घेऊन बाहेर येता येते का, ते फोनवर विचारून ठेवा. तान्ह्या बाळाचे अन्न आणि रुग्णाचा आहार यांना सवलत मिळते का, तेही विचारा. बाहेर येता येत असेल, तर साडेबाराला सर्वांनी बाहेर येऊन सावलीत डबा खावा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि केळी हा सहलीला टिकणारा आणि पोटभर आहार आहे. भात, रस्सा, दही असे पदार्थ उन्हात तापलेल्या बंद गाडीत दुपारपर्यंत खराब होतात. ते नेऊ नयेत. बाहेर येता येत नसेल, तर दाराशीच पोटभर न्याहारी करा आणि दुपारच्या साध्या जेवणाचे पैसे तिकिटाच्या खर्चातच धरा. हा जादा खर्च नव्हे. तो सहलीचाच भाग आहे.

मधुमेहाच्या रुग्णांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली, की साखर ७० च्या खाली गेली असावी असे समजावे. रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि नंतर जेवण द्यावे. शुद्ध हरपलेली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाच्या खिशात साखरेची पुडी असू द्या. प्रवासाच्या दिवशी गोळी केव्हा आणि किती घ्यायची, हे आदल्या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची गोळी 'एक दिवस चालेल' म्हणून चुकवू नका आणि औषधांचा डबा तापलेल्या गाडीत ठेवू नका.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. आत पिण्याच्या पाण्याची सोय कोठे आहे, ते शिरल्याबरोबर पाहा आणि घरची रिकामी बाटली नेता येत असेल, तर तीच पुन्हा पुन्हा भरून घ्या. फार घाम येत असेल, तर ओआरएसचे पाकीट उपयोगी पडते. ते विकत घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते पाहा. गोड रंगीत पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पेय तयार होते. मधुमेही, हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

सावलीचे वेळापत्रक करा. दुपारी बारा ते तीन उघड्यावरच्या रांगेत उभे राहू नका. हा वेळ छपराखालचे खेळ, जेवण आणि विश्रांती यांना द्या. टोपी आणि सुती कपडे घरचेच पुरेसे आहेत. तापलेल्या फरशीवर लहान मुलांचे तळपाय भाजतात, म्हणून पाण्याजवळही चपला वापरा. अंग तापले आहे आणि माणूस गोंधळल्यासारखा बोलतो आहे, अशी अवस्था दिसली तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी ओता, वारा घाला, काख आणि मानेवर गार पट्ट्या ठेवा आणि मदत बोलवा. हे सारे करताना रुग्णाला मधुमेह आहे का, हाही प्रश्न विचारा. आजींच्या बाबतीत तोच प्रश्न त्यांना वाचवून गेला.

कोणी थांबावे

गर्भवती, हृदयविकाराचे आणि अनियंत्रित रक्तदाबाचे रुग्ण, अपस्माराचे रुग्ण, मान किंवा पाठीचे दुखणे असलेले आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी वेगाच्या, हिसके देणाऱ्या राइडमध्ये बसू नये. राइडजवळचा सूचनाफलक वाचावा. उंचीची अट ही तिकीटविक्रेत्याची अडवणूक नव्हे. आसनावरचा पट्टा आणि दांडा ठरावीक आकाराच्या शरीराला धरून ठेवण्यासाठी बनवलेले असतात. त्यांतून लहान शरीर निसटू शकते. म्हणून टाचा उंचावून मूल मोठे दाखवण्याचा मोह टाळावा. ओढणी, पदर आणि मोकळे केस घट्ट बांधावेत, विशेषतः चाकांच्या छोट्या गाड्यांत बसताना.

ज्येष्ठांना केवळ सामानाची राखण करण्यासाठी नेऊ नये. त्यांना यायचे नसेल, तर घरी त्यांच्या जेवणाची आणि सोबतीची व्यवस्था करावी. यायचे असेल, तर दोन तरी संथ राइड त्यांच्यासोबत कराव्यात आणि बाकावर बसण्याची पाळी सर्वांनी आळीपाळीने घ्यावी. सामान ठेवण्याच्या कपाटाचे भाडे हा जादा खर्च मला कधी कधी मान्य आहे, तो याच कारणाने.

परतीची वाट

सहलीतला मोठा धोका पुष्कळदा पार्कच्या बाहेर असतो. नारायणगाव-मंचर भागातून खोपोलीकडे जायचे, तर एका बाजूने शंभराहून अधिक किलोमीटर होतात. पहाटे तीनला उठलेला माणूस दिवसभर उन्हात फिरून रात्री अकराला चाकणच्या रहदारीतून गाडी हाकतो, तेव्हा त्याचा डोळा क्षणभर लागणेही पुरेसे असते. चालवणाऱ्याने दुपारी तासभर झोप घ्यावी, किंवा चालक वेगळा असावा. शेवटची राइड सोडून दोन तास आधी निघणे ही या सहलीतील सर्वांत स्वस्त खबरदारी आहे.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. अनेक कुटुंबे उसाच्या शेतांनी वेढलेल्या वस्तीवर राहतात आणि हा बिबट्याचा मुलूख आहे. मध्यरात्री रस्त्यावर उतरून, झोपाळलेली मुले मागे रेंगाळत असताना अंधारातून वस्तीवर चालत जाणे धोक्याचे आहे. दिवस मावळायच्या सुमारास घरी पोहोचा. उशीर झालाच, तर वाहन थेट अंगणापर्यंत न्या, बॅटरी लावा, बोलत चला आणि मुलांना मोठ्यांच्या मध्ये ठेवा.

त्या आजींचे कुटुंब दिवाळीनंतर पुन्हा सहलीला गेले. कामाचा वार होता, पोशाख घरचे होते आणि पास घेतला नव्हता. बाहेर येता येते का, हे मुलाने आधीच फोनवर विचारले होते. पुढच्या तपासणीला आजी सोबत नातीलाही घेऊन आल्या. सहलीत काय आवडले, असे मी विचारले, तेव्हा माझी अपेक्षा एखाद्या मोठ्या राइडचे नाव ऐकण्याची होती. ती म्हणाली, "झाडाखाली आम्ही सगळे जेवलो ना, तेव्हा आजीने मला तिच्या लहानपणच्या जत्रेतली गोष्ट सांगितली."

आजींची साखर त्या दिवशी १४२ होती. मी तो आकडा त्यांच्या वहीत लिहिला. पुढच्या सहलीला निघताना या वहीचेही एक पान वाचून जा, असे त्यांना सांगितले. तुम्हालाही तेच सांगतो.